नऊ गोल खाल्ले, पण केव्हा?

माझ्या कपाटात एक शंभरपानी वही आहे. पहिल्या पानावर नऊ आकडे आहेत. पहिल्या ओळीत ३०, ५१, ८४. दुसऱ्या ओळीत ४९, ८३. तिसऱ्या ओळीत ४३, ५२, ८६, ८७. भारताच्या १७ वर्षांखालील मुलांच्या संघानं २०१७ च्या विश्वचषकात जे नऊ गोल खाल्ले, ती ही मिनिटं. मिरजेतल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी पोरांचा फुटबॉल घेतो. आकडे लिहिले तेव्हा मनात नुसता राग होता. त्यात काहीतरी दडलंय हे लक्षात यायला दिवाळीची सुट्टी उजाडावी लागली.

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. ‘तीन सामने, तीन पराभव, एक गोल केला, नऊ खाल्ले’ एवढ्या ओळीवर आपण त्या संघाला निकालात काढतो, आणि त्या ओळीतून आमच्यासारख्या गावातल्या मैदानावर उपयोगी पडेल असं काहीच हाती लागत नाही. मिनिटं बघितली की लागतं.

घडलं काय

६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. २४ संघ आले होते. सामने दिल्ली, नवी मुंबई, गोवा, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता इथं झाले. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता. फिफाच्या विश्वचषकात, कुठल्याही वयोगटात, भारतीय संघ मैदानात उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारनं राज्यभर शाळांमध्ये एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. आमच्याकडेही नवे कोरे चेंडू आले. मिरजेत फुटबॉल खेळणारी पोरं पूर्वीपासून आहेत, पण जिल्हा म्हणून आमची ओळख कुस्ती, कबड्डी, खो-खोची. त्या महिन्यात मात्र कबड्डीची पोरंसुद्धा चेंडूला पाय लावून जात होती.

भारताच्या गटात अमेरिका, कोलंबिया आणि घाना होते. तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, रात्री आठला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. संघाचा कर्णधार अमरजित सिंग कियाम, गोलकीपर धीरज सिंग, प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस. २१ जणांच्या संघात आठ पोरं एकट्या मणिपूरची होती. आणि आमच्या पोरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूर आम्हाला पन्नास किलोमीटरच्या आत. ‘आपल्या इथला’ म्हणायला तेवढं अंतर पुरतं.

सोमवारची रात्र

९ ऑक्टोबर, सोमवार. कोलंबियाशी सामना. सहामाही परीक्षा तोंडावर होती, तरी हेडसरांनी हॉल उघडून दिला. प्रोजेक्टर लावला. तीसेक पोरं सतरंजीवर बसली होती, मागे काही पालक उभे. पहिल्या हाफच्या अगदी शेवटी राहुलचा फटका खांबाला लागला तेव्हा हॉलमधल्या ट्यूबलाइट हलतील एवढा आवाज झाला. हाफटाइम ०-०. ४९ व्या मिनिटाला पेनालोझानं गोल केला आणि सगळे गप्प झाले.

मग ८२ वं मिनिट. संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि उंचापुरा जॅक्सन सिंग हवेत गेला. हेडर. गोल. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. पोरं उठली, दारातून बाहेर पळाली, पटांगणात गोल गोल धावायला लागली. कुणी शर्ट काढला, कुणी रडत होतं. मीही दारापर्यंत गेलो होतो. मिनिटभरात आम्ही आत आलो तर पडद्यावर कोलंबियाची पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमचा आठवीतला गोलकीपर म्हणाला, “सर, हे मगाचंच परत दाखवतायत व्हय?”

मगाचं नव्हतं ते. ८३ वं मिनिट होतं. पेनालोझानं दुसरा गोल केला होता, आणि आमच्या हॉलमधल्या एकानंही तो पाहिला नव्हता.

त्या रात्री घरी गेल्यावर मी मिनिटं लिहायला सुरुवात केली. शुक्रवारच्या अमेरिका सामन्याची आठवून लिहिली. घानाची गुरुवारी लिहिली.

आकडे काय सांगतात

नऊपैकी तीन गोल ४९, ५१ आणि ५२ व्या मिनिटाला. तीन वेगळे संघ, तीन वेगळे सामने, पण प्रत्येक वेळी हाफटाइमनंतरच्या पहिल्या सात मिनिटांत एक. आणि चार गोल ८३, ८४, ८६, ८७ व्या मिनिटाला. म्हणजे नऊपैकी सात गोल असे की ते सामन्याच्या दोनच अरुंद पट्ट्यांत बसतात. उरलेले दोन. त्यातला ३० व्या मिनिटाचा म्हणजे अमेरिकेच्या जोश सार्जंटची पेनल्टी, आणि दुसरा हाफटाइमला दोन मिनिटं असताना घानाच्या एरिक आयाहनं मारलेला.

मधल्या सगळ्या वेळात हीच पोरं उभी राहिली होती. कोलंबियाला पहिला हाफभर त्यांनी गोल करू दिला नाही. घानाविरुद्ध ५२ व्या मिनिटापासून ८६ व्या मिनिटापर्यंत ०-२ धरून ठेवलं. धीरजनं तिन्ही सामन्यांत किती चेंडू अडवले ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. ‘आपली पोरं उंचीला कमी, अंगानं किरकोळ, दूध-अंडी मिळत नाहीत’ हे त्या महिन्यात मिरजेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकलं. त्यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. घानाची पोरं अंगानं भारी होतीच. पण उंची ६० व्या मिनिटाला जेवढी असते तेवढीच ८६ व्या मिनिटाला असते. मग त्या मधल्या अर्ध्या तासात तीच उंची कशी पुरली?

माझं म्हणणं असं आहे की त्या संघाला कमी पडली ती पूर्ण वेळाच्या, हरलं तर काहीतरी जाणाऱ्या सामन्यांची सवय.

जो मैदानावर उभा राहिला आहे त्याला हे लगेच कळेल. चेंडू आपल्याकडे नसताना तासभर पळत राहिलं की पाय जड होतात, पण आधी जातं ते वेगळंच. आधी जाते मान. बॅक खेळणारा पोरगा दर काही सेकंदांनी मान वळवून मागे कोण आहे ते बघत असतो. दमला की तो फक्त चेंडूकडे बघायला लागतो आणि पाठीमागून माणूस निसटतो. हाफटाइमनंतरचं दुखणं याच्या उलट. तिथं पाय ताजे असतात, डोकं अजून ड्रेसिंग रूममध्ये असतं. समोरच्या संघानं पंधरा मिनिटांत काहीतरी बदलून आणलेलं असतं आणि ते ओळखेपर्यंत चेंडू जाळ्यात. तिसरी जागा म्हणजे मनाची उसळी. आपण गोल केला, किंवा होता होता राहिला, की रेषा मोडतात. अमेरिकेविरुद्ध ८४ व्या मिनिटाला हेच झालं. अन्वर अलीचा फटका बारला लागला, चेंडू उलटा गेला आणि अँड्र्यू कार्लटननं दुसऱ्या टोकाला गोल केला. आपण तेव्हा अजून ‘अरेरे’ म्हणत होतो.

हे सगळं शिकवून येतं का? थोडं. बाकीचं खेळूनच येतं.

तयारी आणि तिची जात

तयारी झाली नव्हती असं कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१३ मध्ये यजमानपद मिळालं. देशभरातून मुलं निवडली, गोव्यात शिबिर ठेवलं, परदेश दौरे झाले. जर्मनीचे निकोलाई अॅडम २०१५ पासून प्रशिक्षक होते. २०१७ च्या सुरुवातीला ते गेले आणि डी मातोस यांच्या हाती संघ आला तेव्हा स्पर्धेला सात महिने उरले होते. जॅक्सनसारखा पोरगा तर त्यानंतर संघात आला, मिनर्व्हा पंजाब क्लबच्या पोरांमधून. म्हणजे भारताचा एकमेव गोल करणारा खेळाडू त्या लांबलचक शिबिरात सुरुवातीपासून नव्हताच.

मे २०१७ मध्ये एक बातमी आली होती. भारतानं इटलीला इटलीत २-० हरवलं! आम्ही शाळेच्या फलकावर खडूनं लिहिलं. दोन दिवसांनी कळलं की समोरचा संघ इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हता, तिथल्या खालच्या व्यावसायिक लीगमधल्या मुलांची निवड होती. फलक पुसताना फार वाईट वाटलं. पोरं चांगली खेळली होती, तो विजय त्यांचाच होता, पण त्याला दिलेलं नाव चुकीचं होतं. मैत्रीपूर्ण सामन्यांचं असंच असतं. तिथं शेवटची दहा मिनिटं प्रशिक्षक सहा बदल करतात, दोन्ही बाजू सैल होतात, आणि ८५ व्या मिनिटाला गोल खाल्ला तरी कुणाचं काही जात नाही.

पुढच्या वर्षी काय झालं ते बघा, कारण माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार तिथं आहे. विश्वचषकातली बरीचशी पोरं ‘इंडियन अॅरोज’ या नावानं २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या व्यावसायिक क्लबांच्या लीगमध्ये उतरली, मोठ्या माणसांविरुद्ध. पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीला ३-० हरवलं, दोन गोल अनिकेतचे. नंतर मात्र मार खात खात हंगाम संपवला, तळाला राहिली. पण १८ सामने खेळली. पूर्ण ९० मिनिटांचे, गुणांचे, प्रवासाचे, चिखलाचे, शिव्यांचे सामने.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघानं अर्जेंटिनाच्या त्याच वयाच्या संघाला २-१ हरवलं. गोल दीपक टांगरी आणि अन्वर अलीचे, प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. ५४ व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ दहा जण खेळले, आणि जिंकले. हाफटाइमनंतर लगेच आलेलं संकट आणि शेवटची दहा मिनिटं, म्हणजे माझ्या वहीतले दोन्ही पट्टे. दहा महिन्यांपूर्वी याच पोरांमधले कितीतरी जण तिथं कोसळले होते, आता तिथंच उभे राहिले. याच स्पर्धेत आधी मुर्सिया आणि मॉरिटानियाकडून आपण हरलो होतो, त्यामुळे एका निकालावर मी हवेत जाणार नाही. तरी ती चाळीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

त्याच वर्षी मलेशियात १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत बिबियानो फर्नांडिस यांच्या संघानं आणखी एक पान लिहिलं. व्हिएतनामला विक्रम प्रताप सिंगच्या पेनल्टीवर १-० हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. तो सामना जिंकला असता तर १७ वर्षांखालील विश्वचषकात भारत पहिल्यांदा स्वतःच्या बळावर गेला असता. नीरज कुमारनं त्या दिवशी जी गोलकीपिंग केली ती माझ्या गोलकीपरला मी आजही मोबाइलवर दाखवतो. वहीत त्या पानावर एकच आकडा आहे.

एक जुनी नोंदही सांगायला हवी, कारण पोरांना वाटतं आपण कायम हरतच आलो. १९७४ साली बँकॉकमध्ये आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २-२ बरोबरीत सुटले आणि विजेतेपद दोघांना मिळून मिळालं. कर्णधार शब्बीर अली. आमच्या हॉलमधल्या एकाही पालकाला हे ठाऊक नव्हतं.

आमच्याकडचं प्रकरण

दिवाळीनंतर मी आमच्या शाळेचाच हिशेब काढला. सुब्रतो कप शाळांचा. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आमच्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. स्पर्धा बाद पद्धतीची, आणि बहुतेकदा ऐन पावसात. काळ्या मातीत चेंडू पाण्याच्या डबक्यात जाऊन बसतो, पोरं त्याला उकरून काढतात. एका दिवसात सगळे सामने संपवायचे म्हणून हाफ पंधरा-पंधरा मिनिटांचे केलेले मी पाहिलेत. पहिल्याच सामन्यात हरलं की वर्ष संपलं. आमचा आठवीतला गोलकीपर, ज्याला पडद्यावरचा गोल मगाचाच वाटला, त्या वर्षभरात शाळेसाठी अर्धा तास खेळला होता. अर्धा तास! त्याच्याच वयाचं पोरगं दुसऱ्या देशात दर आठवड्याला पूर्ण सामना खेळतं. ८३ वं मिनिट कसं असतं हे आमच्या पोराला कळणार कुठून? त्याला ३१ वं मिनिटच माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही चार शाळांच्या शिक्षकांनी मिळून रविवारची लीग सुरू केली. प्रत्येक संघानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, ३५-३५ मिनिटं, हरलं तरी पुढच्या रविवारी यायचं. एवढी साधी गोष्ट, पण तिला धरून ठेवणं अवघड गेलं. मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असतात. दहावीच्या पोरांचे क्लास रविवारी सकाळीच असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा पोरं चेंडू सोडून गाळ काढायला गेली, आणि तेच बरोबर होतं. मग कोरोनात दोन वर्षं गेली.

सरावात मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, हाफटाइमनंतर मैदानात शिरण्याआधी अंग पुन्हा गरम करायचं, आणि पहिली सात मिनिटं हा वेगळा सामना समजून त्याचा निकाल वेगळा लिहायचा. दुसरी, सराव संपला असं सांगून दमलेल्या पोरांना शेवटचा दहा मिनिटांचा सामना खेळवायचा आणि बॅकनं मान वळवली की नाही तेवढंच बघायचं. तिसरी पोरांना अजिबात आवडली नव्हती. आपण गोल केला की गोलकीपर आणि दोन्ही मधल्या बॅकनी नाचायला जायचं नाही, जागा सोडायची नाही. “सर, गोल झाल्यावर बी उड्या मारायच्या न्हाईत?” असं विचारणाऱ्या पोराला मी वहीतला ८३ हा आकडा दाखवला. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी गोल झाल्यावर तो मधल्या वर्तुळाजवळ हात मागे बांधून उभा राहिलेला दिसला.

यानं आम्ही विभाग जिंकलो का? नाही. विभागात कोल्हापूरच्या शाळेशी गाठ पडली आणि ०-२ हरलो. तिथली पोरं पेठांच्या तालमींचा फुटबॉल बघत वाढतात, चेंडू पायाला चिकटवून पळतात. पण आमच्यावरचे दोन्ही गोल पहिल्या हाफच्या मध्यावर झाले. दुसऱ्या हाफमध्ये एकही नाही. हरलेल्या सामन्यानंतर पोरांना शाबासकी देताना मला शब्द शोधावे लागले नाहीत.

वयचोरीबद्दल एवढंच. ज्या दिवशी मोठ्या वयाचं पोरगं लहान गटात खेळवून जिल्हा जिंकला जातो, त्या दिवशी खऱ्या वयाच्या एका पोराचे सामने हिसकावले जातात. १७ वर्षांखालील विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाची एमआरआय करते. तिथं शाळेचा दाखला चालत नाही.

२०२२ मध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. आमच्या नववीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “सर, आमची मिनिटं कोण लिहितंय?” मी लिहिली नव्हती, आणि मला लाज वाटली. त्या दिवसापासून वही तिच्याकडे दिली, आणि रविवारच्या लीगमध्ये मुलींचे सामने सुरू झाले. ती आता कॉलेजात आहे, तरी रविवारी येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच वयोगटाच्या मुलींनी बिश्केकमध्ये एका गोलानं मागे पडून उझबेकिस्तानला २-१ हरवलं आणि आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. तिनं ते पान हिरव्या शाईनं लिहिलंय.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. अहमदाबादला मुलांचा इराणशी सामना होता. जिंकलो तरच सौदी अरेबियातल्या २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा. मैदानाच्या कट्ट्यावर एका मोबाइलभोवती आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. इराणनं आधी गोल केला. हाफटाइमच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी झाली. दुसरा हाफ सुरू झाला आणि ५२ व्या मिनिटाला गुनलेइबानं भारताचा दुसरा गोल केला. पोरं उठली, ओरडली आणि लगेच पुन्हा मोबाइलवर वाकली. वहीवालीनं ५२ लिहून त्याभोवती गोल काढला.

मग शेवटची दहा मिनिटं आली. बोलत कुणी नव्हतं. चेंडू आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये आला की माझ्या शेजारचा सातवीतला पोरगा पुटपुटायचा, “मागं बघ, मागं बघ.” शिट्टी वाजली तेव्हा तिनं ८० ते ९० च्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे दिली.